मन मोकळें करण्याचा उपचार : व्हिएन्नापासून जामखेडपर्यंत

ताप आला तर नाडी पाहावी, हाड मोडलें तर फळी बांधावी, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याला रात्र रात्र झोंप येत नाहीं, दाराची कडी वाजली तरी ज्याच्या छातींत धस्स होतें, घडून गेलेला एखादा भयंकर प्रसंग ज्याच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं, त्या माणसाला औषध कोणतें द्यावें? या प्रश्नाला गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत वैद्यकानें एक उत्तर दिलें आणि तें ऐकावयास फारच सोपें आहे: त्याला बोलूं द्यावें, आणि कोणी तरी नीट ऐकावें. उत्तर सोपें असलें तरी त्याचा इतिहास सोपा नाहीं. तो इतिहास सांगतांना बहुधा व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क यांचींच नांवें घेतलीं जातात. अहमदनगर जिल्ह्याचें, ज्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याचें, नांव त्यांत कोणी घेत नाहीं. वास्तविक त्या जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील जामखेड तालुक्यांत, म्हणजे अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चोंडी ज्या दुष्काळी तालुक्यांत आहे तेथें, या इतिहासाचें एक प्रकरण घडलें आहे. आणि तें घडविणाऱ्या बायकांनीं व्हिएन्नाचें नांवही ऐकलेलें नव्हतें.

तरी आरंभ व्हिएन्नापासूनच केला पाहिजे. १८८० सालच्या हिवाळ्यांत योसेफ ब्रॉयर नांवाचे तेथील नामांकित डॉक्टर एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करूं लागले. बेर्टा पापेनहाइम हें तिचें नांव. घर सधन, कुटुंब कर्मठ ज्यू. वडील अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या उशाशीं बसून जागरणें करतां करतां मुलीचीच प्रकृति ढासळली. तिला खोकला जडला, उजवा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन असतांना ती विसरल्यासारखी होऊन ती केवळ इंग्रजी बोलूं लागली. १८८१ च्या एप्रिलांत वडील वारले, तेव्हां तर दुखण्यानें कळस गांठला. ब्रॉयर संध्याकाळीं येत, तिला मोहनिद्रेंत नेत, आणि ती जें सांगेल तें ऐकत. ऐन उन्हाळ्यांत कित्येक आठवडे तिला पाण्याचा पेला ओठांस लावतां येईना. फळें खाऊन ती तहान भागवी. एके दिवशीं तिनें सांगितलें कीं, घरांतल्या एका इंग्रज बाईचें कुत्रें पेल्यांतून पाणी पितांना तिनें पाहिलें होतें, आणि किळस आली असूनही सभ्यतेपोटीं ती गप्प राहिली होती. तेव्हां गिळलेला तो राग आतां बोलून टाकतांच तिनें पाणी मागितलें आणि तें ती घटघटां प्याली. या उपचाराला नांव दिलें तें डॉक्टरांनीं नव्हे, तिनेंच. ती त्याला ‘बोलण्याचा उपचार’ म्हणे, आणि थट्टेंत ‘धुराडें झाडणें’ म्हणे.

ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं ही हकीकत ‘अॅना ओ.’ या टोपणनांवानें छापली, आणि मनोविश्लेषणाच्या शास्त्राचा पाया तींतून घातला गेला असें मानतात. पुस्तकांत ती मुलगी बरी झाल्याचें चित्र आहे. खरी गोष्ट तितकी गोड नव्हती. १८८२ सालच्या जुलै महिन्यांत तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइझलिंगेन येथील आरोग्यधामांत ठेवावें लागलें आणि त्यानंतरही कांहीं वर्षें तिला असल्या जागीं जावें लागलें. पुढें मात्र ती सावरली ती अशी, कीं अनाथ मुलींचा आश्रम चालविणारी, स्त्रियांच्या विक्रयाविरुद्ध झगडणारी आणि १९०४ सालीं जर्मनींतील ज्यू स्त्रियांचा संघ स्थापणारी कार्यकर्ती म्हणून तिचें नांव झालें. तिला नेमकें कशानें बरें वाटलें, संध्याकाळच्या त्या बोलण्यानें कीं पुढल्या आयुष्यांत हातीं आलेल्या कामानें, याचा निवाडा चरित्रकारांना आजवर करतां आलेला नाहीं. हा प्रश्न येथें नोंदवून ठेवण्याजोगा आहे. जामखेडला तो पुन्हां भेटतो.

सधन घराच्या दिवाणखान्यांतून हा उपचार बाहेर काढला तो पहिल्या महायुद्धानें. खंदकांतून परतलेले शिपाई अंगावर जखम नसतांना थरथर कांपत, मुके होत, रात्रीं किंचाळून उठत. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या डॉक्टरनें या दुखण्याला तोफगोळ्याच्या धक्क्याचें नांव देऊन त्याची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांत आणली. कित्येक ठिकाणीं या मुक्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलतें करण्यांत येई. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळांत डॉ. रिव्हर्स यांनीं वेगळी वाट धरली. जें विसरून जा असें सारे जण सांगत होते तें आठवा, हळूहळू आठवा आणि सांगा, असें ते रोग्याला म्हणत. हेच रिव्हर्स १९०१-०२ सालीं निलगिरीच्या डोंगरांत तोडा लोकांमध्यें राहून त्यांच्या चालीरीतींवर जाडजूड ग्रंथ लिहून गेले होते. परक्याचें बोलणें मन लावून ऐकण्याची संवय कदाचित् तेथेंच लागली असेल. पण क्रेगलॉकहार्ट हें ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठीं होतें. १९१६ च्या एप्रिलमध्यें मेसापोटेमियांत कुत-अल-अमारा पडलें तेव्हां १०३ व ११० या मराठा पलटणी तेथें वेढ्यांत सांपडल्या होत्या. महिनेच्या महिने उपासमार आणि पुढें तुर्कांची कैद. त्यांतून जे शिपाई वांचून देशावर आपापल्या गांवीं परतले त्यांच्या मनांत काय साठलें होतें, हें त्यांना विचारावयास कोणी रिव्हर्स बसलेला नव्हता.

हिंदुस्थानांत मनोविश्लेषण आलें तें कलकत्त्यास. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं तेथें भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापिलें. फ्रॉइडशीं त्यांचा पत्रव्यवहार होता आणि कित्येक बाबतींत त्यांनीं फ्रॉइडशीं मतभेदही दाखविला. पण तो उपचार महिनेच्या महिने चालणारा, फीचा, शहरी आणि शिकलेल्या माणसाचा. खेड्यांतल्या माणसाचें डोकें फिरलें तर त्याच्या वाट्याला १९१२ चा वेडेपणाचा कायदा आणि इस्पितळाची भिंत. महाराष्ट्रांत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयें चार: येरवडा, ठाणें, रत्नागिरी आणि नागपूर. नगर जिल्ह्यांत एकही नाहीं. आणि ज्याचें डोकें फिरलेलें नाहीं, जें केवळ भीतीनें आणि दुःखानें पोखरून निघालें आहे, त्या माणसासाठीं त्या भिंतींच्या आंतही जागा नव्हती आणि बाहेरही नव्हती.

म्हणून मराठी मुलखांत लोक बोलून मोकळे होतच नव्हते असें नाहीं. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण ओवींत काय काय सांगून जाई! पुण्याचे गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांनीं खेडोपाडीं हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बापानें कोठें दिली, भाऊ भेटीला कां आला नाहीं, पोटचें मूल कसें गेलें, हें सारें त्यांत आहे. सासूला ऐकूं गेलें तरी ती कांहीं म्हणूं शकत नसे, कारण तें बोलणें नव्हतें, गाणें होतें. या युक्तीची थोरवी मान्य करूनही एक उणेपण दिसतें. जातें ऐकून घेतें, पण उत्तर देत नाहीं. दुसरी वाट अंगांत येण्याची. एरवीं तोंड वर करून न बोलणारी सून अंगांत आल्यावर घरच्यांना फडाफडा बोले आणि तेव्हां घरचे हात जोडून ऐकत. येथें उत्तर मिळे. पण बोललें तें बाईनें नव्हे, देवीनें किंवा भुतानें असें ठरे, आणि तिचें स्वतःचें दुःख तिच्या नांवावर कधींच चढत नसे. शिवाय त्या वाटेवर भगत, मांत्रिक आणि मार हे थांबे होतेच.

नगर जिल्ह्यानें स्वतःचें दुःख स्वतःच्या नांवावर सांगणारी एक बाई मराठीला दिली, ती लक्ष्मीबाई टिळक. राहुरी आणि नगर येथें त्यांच्या संसाराचीं पुष्कळ वर्षें गेलीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर जी ताटातूट झाली, तींत लक्ष्मीबाईंची झालेली दैना ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या पुस्तकांत आहे. तें १९३४ ते १९३६ या काळांत, म्हणजे त्या घटनेनंतर चाळीसएक वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. इतक्या अवधीनंतर त्या आपल्याच भ्रमिष्टपणाकडे हंसून पाहूं शकतात. बरें झालेल्या मनाची ओळख दुसरी काय असणार?

दुसरें उदाहरण याच जिल्ह्यांतलें, पण फार निराळ्या माणसाचें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें काँग्रेस कार्यकारिणीचे बारा पुढारी नगरच्या निजामशाही किल्ल्यांत आणून ठेवले. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे त्यांत होते आणि अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते. आरंभीं वर्तमानपत्र नाहीं, पत्र नाहीं. मौलानांनीं पहांटे उठून चहा करून घ्यावा आणि आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहावें, असा क्रम धरला. हीं पत्रें टपालांत पडणार नाहींत हें त्यांना ठाऊक होतें. चहाची लज्जत, खोलींत घरटें करणाऱ्या चिमण्या, इतिहास, संगीत, ईश्वर, असे नाना विषय त्यांत येतात. मग १९४३ सालचा एप्रिल येतो. कलकत्त्यास त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ होत्या. सरकारकडे विनंति केली तर कांहीं सोय होऊं शकेल असें त्यांना सुचविण्यांत आलें. त्यांनीं विनंति केली नाहीं. ९ एप्रिलला त्या वारल्या. ११ एप्रिलच्या पत्रांत मौलाना त्या दिवसांची हकीकत लिहितात. वेळेवर जेवणाच्या टेबलापाशीं जाणें, वर्तमानपत्र नेहमींप्रमाणें वाचणें, हें सारें त्यांनीं चालू ठेवलें, पण तें एक प्रकारचें नाटक होतें, आणि आंतलें मन त्या नाटकांत भागीदार नव्हतें, अशी कबुली ते देतात. शेजारच्या खोल्यांत देशांतले थोर थोर पुढारी होते, जिवाभावाचे सोबती होते. त्यांच्यासमोर जें बोलवलें नाहीं तें दूरच्या, न ऐकणाऱ्या मित्राजवळ बोललें गेलें. अहंकार म्हणावा तर तोही त्यांत आहे. पण मनुष्य आपलें दुःख कोणाजवळ उघडें करील याला कांहीं नियम नाहीं. हीं पत्रें १९४६ सालीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९८६ सालीं, जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा पंधरा मिनिटें आपल्या आयुष्यांतील सर्वांत दुःखद प्रसंगाविषयीं लिहावयास लावलें. लिहितांना त्यांना त्रास झाला. परंतु पुढल्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षां कमी झालेल्या आढळल्या.

पण कागद आणि लेखणी हीं ज्याला साक्षरता आहे त्याचीं साधनें. १९७० सालचें जामखेड घ्या. रेल्वे नाहीं, पाऊस बेभरंवशाचा, आणि हजार जन्मलेल्या मुलांमागें सुमारें १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावणारीं. त्या सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य तेथें आलें. रजनीकांत मूळचे राहुरीचे. दोघांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला. नेवासें तालुक्यांतील वडाळ्याच्या मिशन इस्पितळांत कांहीं वर्षें काम करतांना त्यांना कळून चुकलें होतें, कीं आज बरा करून पाठविलेला रोगी उद्यां त्याच रोगानें परत येतो, कारण रोग गांवांत आहे आणि डॉक्टर इस्पितळांत. त्यांनीं अमेरिकेंत जाऊन सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें आणि परत येऊन जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आधीं त्यांनीं शिकलेल्या नर्स गांवोगांव पाठवून पाहिल्या. त्या परक्या ठरल्या; गांवाला त्या आपल्या वाटेनात आणि त्यांनाही गांवांत एकटें राहण्याची धास्ती वाटे. मग असें ठरलें कीं गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावें. ज्या बायका आल्या त्या बहुतेक निरक्षर, मध्यम वयाच्या, पुष्कळशा दलित. कोणी विधवा, कोणी नवऱ्यानें टाकलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामाला येत. एकत्र स्वयंपाक, एका पंगतीला जेवण, एकाच खोलींत निजणें. जातीची शिवाशिव ज्या गांवांत पाणवठ्यापर्यंत होती तेथून आलेल्या बायकांना हें प्रथम जड गेलें. पाणवठ्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हातपंपाची विहीर खणावयाची ती दलित वस्तींत, असा परिपाठ आरोळ्यांनीं ठेवला; तहान लागली कीं सवर्णांना तेथें यावेंच लागे.

या बायकांचा पहिला धडा हिवतापाचा नव्हता कीं बाळंतपणाचाही नव्हता. चारचौघींसमोर उभें राहून स्वतःचें नांव मोठ्यानें सांगणें, हा पहिला धडा. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ज्यांची ओळख त्यांना तें कठीण जाई. नांवानंतर हकीकत. लग्न कितव्या वर्षीं झालें, मुलें किती झालीं, किती राहिलीं, घर कां सुटलें. एकीनें सांगावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें. ऐकणाऱ्यांपैकीं अर्ध्या जणींची हकीकत तीच. आपल्या नशिबीं जें आलें तें आपल्याच पापाचें फळ असें जिला वाटत होतें, तिला तेथें पहिल्यांदा दिसलें कीं हें पाप सबंध तालुक्यांत वांटलेलें आहे. मनोविकारतज्ज्ञ ज्याला समूहोपचार म्हणतात त्याहून यांत निराळें काय आहे? जामखेडला मात्र त्याला कोणी उपचार म्हटलें नाहीं. तो आरोग्यसेविकांचा वर्ग होता.

या बायका आपापल्या गांवीं परतून घरोघर जात, मुलांचीं वजनें करीत, बाळंतपणें करीत. बाळाचें वजन करावयास आलेल्या शेजारणीजवळ मनुष्य जें बोलतो तें डॉक्टरजवळ बोलत नाहीं. गांवोगांव महिला मंडळें उभीं राहिलीं. तीं प्रथम बचतीसाठीं, रोपांसाठीं, कर्जासाठीं जमत आणि मग उठतां उठतां बोलणें निघे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची गोष्ट एकदां मंडळांत निघाली, कीं ती त्या बाईची खाजगी बाब राहत नसे. मंडळाच्या बायका त्या दारीं जाऊन उभ्या राहत. व्हिएन्नाच्या पद्धतींत आणि येथल्या पद्धतींत खरें अंतर पडतें तें येथें. ब्रॉयर मनाची गांठ स्मरणांत शोधीत होता. जामखेडच्या बायका ती घरांत शोधीत, आणि घरांत सांपडली तर घरांतच सोडवावयास जात. रोज मार खाणाऱ्या बाईला नुसतें बोलून बरें वाटावें अशी अपेक्षा करणें हा क्रूरपणाच होय. तिचें बोलणें औषध ठरतें तें मार थांबला तर, हातांत चार पैसे आले तर. बेर्टा पापेनहाइमविषयींचा जो प्रश्न वर राहून गेला, त्यावर जामखेडचा अनुभव कांहीं प्रकाश टाकतो: बोलणें आणि काम हे दोन उपचार नव्हतेच, एकाच्या आधारानें दुसरें उभें राहत होतें.

अर्थात् यांत अतिशयोक्ति होतां कामा नये. महिला मंडळ म्हणजे मानसोपचार नव्हे, आणि प्रकल्पाची कीर्ति झाली ती मुख्यतः शरीराच्या आरोग्यासाठीं. बालमृत्यूचें तें १७६ चें प्रमाण पांचएक वर्षांत ५२ वर आलें आणि पुढें तिशीच्या खालीं गेलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लोकांनीं चालविलेल्या आरोग्यसेवेवर जें पुस्तक काढलें त्यांत जामखेडवर प्रकरण होतें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९८८ सालीं मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका वॉशिंग्टनच्या एका परिषदेंत बोलली. सभागृहांतल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून ती म्हणाली कीं डॉक्टर त्या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि उंचावर. मग पिशवींतून दोन लहान दिवे काढून तिनें एकानें दुसरा पेटवून दाखविला. स्वतःचें नांव सांगतांना अडखळणाऱ्यांच्या वर्गांतून ती तेथवर गेली होती.

मनाच्या दुखण्याची चौकशी जामखेडला प्रत्यक्ष झाली ती बऱ्याच उशीरां. ऑस्ट्रेलियांतील मिशेल कर्मोड यांनीं रजनीकांत आरोळे, गोव्याशीं संबंध असलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल वगैरेंच्या सहकार्यानें तेथील स्त्रियांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, आणि तो अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. बायकांना मनाच्या आजाराचीं शास्त्रीय नांवें माहीत नव्हतीं, पण कारणें विचारल्यावर त्या चांचरल्या नाहींत: गरिबी, नवऱ्याचा मार, सासरचा जाच. आणि प्रकल्पांत येऊन बळ आलेल्या बायकांना त्या बळाचा मनाच्या आरोग्याशीं असलेला संबंधही सांगतां येत होता.

शेजारणीनें ऐकून घेतलें हा उपचार कीं नुसत्या गप्पा, हा आक्षेप डॉक्टरवर्ग घेत असे आणि तो अगदींच पोकळ नाहीं. गांवांत एकाच्या कानांत घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीवर जाते. ऐकणाऱ्याला गुप्तता पाळतां आली पाहिजे, लगेच उपदेश न करतां थांबतां आलें पाहिजे, आणि दुखणें आपल्या आंवाक्याबाहेरचें आहे हें ओळखून योग्य वेळीं डॉक्टरकडे धाडतां आलें पाहिजे. बळजबरीनें बोलतें करणें तर अपायकारकच. भूकंप-अपघातानंतर लगेच प्रत्येकाला गांठून घडलें तें सविस्तर सांगावयास लावण्याची पद्धत एके काळीं फार बोकाळली होती. पुढें पडताळा घेतां असें दिसलें, कीं अशा एका बैठकीनें आघाताचे परिणाम टळत नाहींत, कांहीं जणांचे वाढतातही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं जी मार्गदर्शिका काढली, तींत जवळ बसा, गरजा विचारा, बोलला तर ऐका, पण उकरूं नका, असें सांगितलें आहे.

या आक्षेपाचा निकाल लागला तो गोव्यांत. तेथील ‘संगाथ’ या १९९६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचें थोड्या मुदतीचें शिक्षण देऊन २४ दवाखान्यांत पडताळा पाहिला. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, सरकारी आरोग्य केंद्रांत औदासीन्य व चिंतारोग यांनीं ग्रासलेल्यांपैकीं असा समुपदेशक मिळालेले शेंकडा ६६ बरे झाले, न मिळालेले शेंकडा ४२ च्या आसपास. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाहीं. तेथले डॉक्टर रोग्याला आधींपासून नांवानिशीं ओळखत आणि वेळ देत, हें त्याचें एक कारण असावें. पुढें तीव्र औदासीन्याच्या ४९५ रोग्यांवर दुसरा पडताळा झाला. सहा ते आठ भेटी, त्या रोग्याच्या घरीं किंवा केंद्रांत. बोलणें, आणि सुटून गेलेलीं रोजचीं कामें एकेक करून पुन्हां हातीं घेणें. तीन महिन्यांनीं असे शेंकडा ६४ जण रोगमुक्त दिसले, इतरांत शेंकडा ३९. ठाम औषध लागणारीं दुखणीं आहेतच, आणि भ्रमाचा आजार गप्पांनीं बरा होत नाहीं. पण धास्ती आणि खिन्नता यांच्यापुरतें पाहतां, मुक्ताबाईचा दिवा आंकड्यांच्या कसोटीला उतरला असें म्हणावयास हरकत नाहीं.

जामखेडच्या या साऱ्या हकीकतींत पुरुष फारसे दिसत नाहींत. मंडळांत बाई बोलली. तिचा नवरा, ज्याचें पीक करपलें आणि सावकाराचा तगादा लागला, तो कोठें बोलला? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं विदर्भांत हा प्रश्न ऐरणीवर आणला. तेथील ३० खेड्यांत २०११ सालापासून ‘विश्राम’ या नांवानें एक कार्यक्रम चालला. गांवांतलेच कार्यकर्ते चावडीवर, पारावर बसून मनाच्या दुखण्याविषयीं बोलत, घरीं जाऊन ऐकत आणि गरज वाटल्यास डॉक्टरशीं गांठ घालून देत. त्याचा हिशेब २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. कार्यक्रमापूर्वीं औदासीन्यानें पीडलेल्या शंभर माणसांपैकीं जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदतीसाठीं गेले होते. दीड वर्षानंतर सत्तावीस जण गेले. उरलेले त्र्याहत्तर अजून घरींच होते.